सेक्टर दहा, पण कुठला?

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही मध्यम आकाराच्या कार्यालयात जा, एका टेबलावरचा चहा हमखास निवून गेलेला असतो. ते 'एमआयएस'वाल्याचे, म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्याचे टेबल. अकरा वाजता साहेबांची मीटिंग असते, त्याआधी आठवड्याचा रिपोर्ट लागतो, आणि डॅशबोर्डवर अजून मागच्या आठवड्याचेच आकडे दिसत असतात. याच घाईत ते वाक्य कानावर येते, जे मी कितीतरी तोंडांतून ऐकले आहे: "कस्टमर मास्टरमधली सगळीच फील्ड ओढून घे ना, काय लागेल ते नंतर बघू."

वरवर पाहता हा तांत्रिक तपशील आहे. ग्राहकाचे नाव, मोबाइल, पत्ता, जन्मतारीख, जीएसटी क्रमांक, उधारीची मुदत, तक्रारींची संख्या असे साठ-सत्तर रकाने एका डेटाबेसमध्ये पडलेले असतात. ते पॉवर बीआय, टॅब्लो किंवा साध्या एक्सेलमध्ये आणायचे असतात. जोडणी करायची, रकान्यांवर टिक करायची, झाले. पण कुठल्या रकान्यावर टिक करायची आणि कुठल्यावर नाही, हे ठरवताना आपण धंद्याकडे आणि ग्राहकाकडे कसे पाहणार हेही ठरून जाते. आणि हे ठरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी सगळ्यांत धाकट्या माणसाकडे, सगळ्यांत घाईच्या वेळी येते. मी काही वर्षे स्वतः असे रिपोर्ट तयार केले आहेत. तेव्हा झालेली एक चूक पुढे सांगणार आहे, कारण या बाबतीतले माझे मत तिच्यातून घडले.

'सगळे ओढा' म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकायला हवी. ती आळसातून आलेली नाही. धंद्यात प्रश्न आधी ठरवून येत नाहीत. आज विक्री किती एवढेच हवे असते, तीन महिन्यांनी कळते की तक्रारी वरच्या मजल्यांवरूनच जास्त येताहेत, आणि तेव्हा मजल्याचा रकाना आपण आणलेलाच नसतो. मग पुन्हा आयटीवाल्यांना मेल, पुन्हा मंजुरी, पुन्हा आठवडाभर वाट. वाशीच्या एपीएमसीतल्या फळबाजारात हापूसचा हंगाम मार्च ते मे एवढाच. कुठल्या पार्टीने किती माल उचलला, कुणाची उधारी किती दिवस लांबली, याचे उत्तर जूनमध्ये मिळाले तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षीच.

या बाजारात पिढ्यान् पिढ्या हा सगळा 'डेटाबेस' मेहताजींच्या डोक्यात असे. कोण पैसे उशिरा देतो पण देतो, कोणाला दोन गाड्यांच्या वर माल सोडायचा नाही, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असायचे. मेहताजी गावी गेले की दुकान आंधळे. अशा पेढीत टॅलीतली पार्ट्यांची खाती ओडीबीसी जोडणीने थेट एक्सेलमध्ये येऊ लागली, तर ती फार मोठी सोय आहे. टॅलीची मूळ फील्ड त्या वाटेने सहज दिसतात, स्वतः वाढवलेल्या फील्डसाठी मात्र प्रोग्रामरला बोलवावे लागते. त्या व्यापाऱ्याला जाऊन 'कमी माहिती वापरा' असा उपदेश करणे मला पटत नाही. त्याच्याकडे आजवर माहिती एका माणसाच्या मर्जीवर होती, ती आता कुठे पेढीची होते आहे.

शिवाय रकाने अडवून धरले की ते चोरवाटेने येतात. आयटी विभागाने नाही म्हटले की एमआयएसवाला बिलिंगच्या मित्राकडून व्हॉट्सॲपवर एक्सेल मागवतो. ती फाइल त्याच्या फोनवर राहते, घरच्या लॅपटॉपवर जाते, नोकरी बदलली तरी त्याच्यासोबत फिरते. कडक नियमांच्या कंपनीत माहिती जास्त सुरक्षित असते असे म्हणणाऱ्याने अशा कंपनीत एक महिना काम करून पाहावे. 'सगळे ओढा' या बाजूचा हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

आता दुसरी बाजू. ती मांडताना गोपनीयतेपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. मी पत्त्यापासून करतो, कारण नवी मुंबईत पत्त्याचा रकानाच पुरे आहे.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. शहराचे नोड, म्हणजे मोठे विभाग, पाडले आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांची मोजणी एकपासून पुन्हा सुरू झाली. त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरमध्येही आहे. पत्ता तोंडी सांगताना आपण 'नेरूळ सेक्टर दहा' म्हणतो, कारण नोडशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. डेटाबेसला ते माहीत नसते. तिथे 'सेक्टर' हा एक रकाना आणि 'नोड' हा दुसरा. रिपोर्टमध्ये पहिला ओढला आणि दुसरा राहिला, की पाच ठिकाणची माणसे एका आकड्याखाली गोळा होतात. आलेख सुबक दिसतो आणि सेक्टर १० हा आपला सर्वांत मोठा ग्राहक ठरतो. आमच्या नेरूळच्या घरी यायचा दुरुस्तीवाला एकदा वाशीच्या सेक्टर १० मधून फोन करून "तुमची बिल्डिंग सापडत नाही" म्हणत होता. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या हातातल्या यादीत नोडच नव्हता.

पिनकोडने हे सुटेल असे वाटते. वाशीचा ४००७०३, नेरूळचा ४००७०६, ऐरोलीचा ४००७०८, बेलापूरचा ४००६१४. पण बेलापूरच्या टेकडीपलीकडे गेलात की खारघरचा ४१०२१०. कुणी पहिल्या तीन आकड्यांवरून 'मुंबई परिसर' असा गट पाडला, तर खारघर त्यातून गळते. जिल्ह्याचा रकाना लावला तर वाशी ठाण्यात आणि खारघर रायगडमध्ये. महानगरपालिका लावली तर वाशी नवी मुंबईत आणि खारघर १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत. लोकलने सहा स्टेशनांच्या अंतरावर राहणारी दोन कुटुंबे एकाच शहराची आहेत की नाहीत, हे तुम्ही कुठला रकाना ओढला त्यावर ठरते. यातला एकही रकाना चुकीचा नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आणि गावे? जुहूगाव, सारसोळे, करावे, दिवाळे, घणसोली, गोठिवली ही गावे शहराच्या आधीपासून इथे आहेत. गावठाणातल्या घराला घर क्रमांक असतो, आळी असते, देवळाची खूण असते, सेक्टर नसतो. तुर्भे स्टोअर किंवा दिघ्यासारख्या वस्त्यांचेही तेच. पण ग्राहक नोंदणीचा फॉर्म शहर आखणाऱ्यांच्या चष्म्यातून बनलेला असतो. सेक्टर भरल्याशिवाय तो पुढे जात नाही.

माझी चूक इथली आहे. एका वितरकाकडे मी भागवार विक्रीचा रिपोर्ट केला होता. सेक्टरच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी शून्य होते. एन्ट्री मारणाऱ्याने कंटाळून टाकलेला कचरा समजून मी ते गाळले. नकाशा स्वच्छ झाला. त्यावर बोट ठेवून वरिष्ठ म्हणाले की गावांत आपला माल खपत नाही, तिकडची गाडी आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच पाठवा. तसे झालेही. पुढे दोन-अडीच महिन्यांनी काउंटरवर एन्ट्री करणाऱ्या ताईंशी सहज बोलताना त्या म्हणाल्या, "अहो, शून्य म्हणजे गावठाण. सेक्टर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून मी शून्य टाकते. आधीची मुलगी जवळचा सेक्टर टाकायची." म्हणजे त्या शून्याला अर्थ होता, नियम होता, तो नियम करणारी व्यक्ती माझ्यापासून वीस फुटांवर बसलेली होती. मी तिला विचारले नव्हते. गावांतले ग्राहक मी गाळले आणि त्यांची गाडी कमी झाली. गाडी पुन्हा आठवड्यातून दोनदा व्हायला पावसाळा उलटला, आणि तोवर काही दुकानदारांनी दुसऱ्याकडून माल घ्यायला सुरुवात केली होती.

नवी मुंबईची आखणी करणारी सिडको ज्या वर्षी जन्मली, त्याच १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या संशोधकाने तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक ग्राहक डेटाबेस त्याच कल्पनेवर उभे आहेत. पुढे १९८५ मध्ये त्यांनी अशा प्रणालींसाठी जे नियम सांगितले, त्यांत एक नियम रिकामेपणाबद्दल आहे. माहिती नसणे हे शून्यापेक्षा आणि कोऱ्या अक्षरांपेक्षा वेगळे आहे, आणि प्रणालीने ते वेगळे म्हणूनच जपले पाहिजे, असा त्याचा आशय. 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'शून्य' या तीन निराळ्या गोष्टी आहेत. उधारी शून्य असणारा ग्राहक आणि ज्याची उधारी नोंदलीच नाही असा ग्राहक यांना एकाच रांगेत उभे केले तर वसुलीवाला भलत्याच दारात जातो. रिपोर्टच्या साधनात मूल्ये येताना हा फरक सर्वांत आधी गळतो, कारण आलेखाला रिकामी जागा आवडत नाही.

रकान्याचा इतिहासही असाच गळतो. ग्राहकाच्या मास्टरमध्ये बहुधा आजचा पत्ता तेवढा असतो. एखादे कुटुंब गेल्या वर्षी कोपरखैरण्यात होते, यंदा उलव्यात राहायला गेले, पत्ता बदलून घेतला. आता गेल्या वर्षीचा रिपोर्ट पुन्हा काढा. त्यांची तेव्हाची खरेदीही उलव्यात झालेली दिसेल. कोपरखैरण्याचा धंदा मागे जाऊन घटतो, उलव्याचा वाढतो, आणि कुणीतरी उलव्यात मागणी आधीपासूनच होती असा निष्कर्ष काढतो. राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात अशा हळूहळू बदलणाऱ्या रकान्यांचे काय करावे याच्या पद्धती सांगितल्या, त्यांना आता जवळपास तीस वर्षे झाली. जुना पत्ता तारखेसह जपून ठेवणे हा त्यांतला सरळ मार्ग. आपल्याकडे लहान कंपन्यांत तो क्वचितच दिसतो. एक्सेलमधल्या इतर खोड्या सगळ्यांना ठाऊक आहेत: शून्याने सुरू होणारा ग्राहक क्रमांक आकडा म्हणून आला की पुढची शून्ये जातात, पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात, आणि ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च होऊन बसते. त्यांवर उपाय सोपा आहे, तो रकाना मजकूर म्हणून किंवा तारखेचा क्रम सांगून आणायचा.

आता गोपनीयतेकडे येतो. जीएसटी क्रमांकाचेच बघा. पंधरा अक्षर-आकड्यांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. एकट्या मालकाचे दुकान असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन. तुम्ही रिपोर्टमध्ये 'पॅन नको' म्हणून तो रकाना सोडलात आणि जीएसटी क्रमांक ओढलात, तर पॅन आलाच. जीएसटी क्रमांक बिलावर छापलेला असतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही, असे कुणी म्हणेल तर ते बरोबर आहे. पण सुट्या बिलावर एकेकाचा क्रमांक असणे आणि चार हजार दुकानदारांचे पॅन, मोबाइल, उधारी आणि घरचा पत्ता एकाच फाइलमध्ये एका ओळीत असणे, यांत फरक आहे. आडनावाच्या रकान्याचेही तसेच. आपल्या समाजात आडनावावरून माणसाची जात, गाव, भाषा ओळखली जाते. उधारी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या रिपोर्टमध्ये आडनावाची काहीच गरज नसताना ते समोर ठेवणे मला गैर वाटते. शिवाय नाव जुळवून दोन तक्ते जोडायला गेलात, तर एकाच गावातल्या दोन म्हात्र्यांची किंवा दोन भोईरांची खाती एक व्हायला वेळ लागत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण दंडापेक्षा मला त्यातल्या दोन-तीन साध्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. ग्राहकाने दिलेली संमती सांगितलेल्या कामासाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातच उदाहरण आहे: दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपला फोनमधली संपर्कयादी बघायला परवानगी दिली, तरी सेवेसाठी ती यादी लागत नसल्याने ती परवानगी तिथवर पोचत नाही. संमतीची सूचना ग्राहकाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. आणि माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्याला आहे.

हा तिसरा मुद्दा रिपोर्टवाल्यांना सर्वांत जड जाणार. ग्राहकाने माझी माहिती पुसा म्हटले, मास्टरमधून ती पुसली. पण गेल्या दोन वर्षांत ओढलेल्या फाइलींचे काय? दर सोमवारी काढलेला उतारा, त्याची साहेबांना मेल केलेली प्रत, विक्रीच्या मुलांना पाठवलेली यादी, या सगळ्यांत तो माणूस अजून आहे. सगळी फील्ड ओढण्याची सवय असलेल्या कंपनीला तो कुठे कुठे आहे हे शोधताही येणार नाही. मोजकी फील्ड ओढणाऱ्या कंपनीला शोधायला फार काही नसते. हिशेबाच्या आणि कराच्या नोंदी कायद्यानेच ठेवाव्या लागतात, ते वेगळे. पण जन्मतारीख आणि मोबाइल दर सोमवारच्या विक्री रिपोर्टमध्ये ठेवायला कुठलाही कर कायदा सांगत नाही.

दोन्ही पारडी समोर ठेवून मी कुठे उभा आहे ते सांगतो. रिपोर्टमध्ये ग्राहकाची ओळख पटवणारा अंतर्गत क्रमांक, त्याचे ठिकाण आणि त्याचा व्यवहार हे आणावे. नाव, मोबाइल, जन्मतारीख, पॅन हे मूळ डेटाबेसमध्येच राहू द्यावे. वसुलीवाल्याला फोन करायचा असेल तर त्याने त्या क्रमांकावरून मूळ प्रणालीत जाऊन नंबर बघावा. त्याला दोन मिनिटे जास्त लागतील, ती लागू द्यावीत. ठिकाणाच्या बाबतीत मात्र मी 'सगळे ओढा' वाल्यांच्या बाजूने आहे: नोड, सेक्टर, गावठाण की वसाहत, पिनकोड, महापालिका, सगळे आणा, कारण या शहरात एकट्या रकान्यावर भिस्त ठेवली की कुणी ना कुणी गळते. फक्त गावठाणातला घर क्रमांक आणि इमारतीतला फ्लॅट क्रमांक सोडा, त्यांनी भाग कळत नाही, माणूस कळतो. व्यवहाराचे रकानेही सढळ हाताने आणा, अनपेक्षित प्रश्न तिथूनच सुटतात.

नवे फील्ड मागायला पंधरा दिवस लागत असतील, तर ते एका दिवसावर आणणे ही कंपनीची जबाबदारी आहे. तसे न करता फक्त निर्बंध घातले तर व्हॉट्सॲपवरच्या फाइली थांबणार नाहीत, हे मला पुरते मान्य आहे. पुसायला सांगितलेली माहिती जुन्या फाइलींत उरू नये म्हणून उतारा साठवून ठेवण्याऐवजी दरवेळी मूळ डेटाबेसमधून ताजा रिफ्रेश करणे चांगले. त्याने सर्व्हरवर ताण येतो ही तक्रार खरी आहे. रात्रीच्या वेळी रिफ्रेश लावला तर बऱ्याच ठिकाणी भागते. एपीएमसीतल्या पेढीला यातले निम्मेही लागू करायची गरज नाही. तिथे मालक, त्याचा मुलगा आणि मेहताजी एवढीच माणसे फाइल बघतात. तिने फक्त फाइलला पासवर्ड घालावा आणि ती नोकराच्या खासगी फोनवर पाठवू नये. हीच पेढी वाढून तीन शाखांची झाली की मग वरचे सगळे तिलाही लागू.

एक गोष्ट मात्र लहान-मोठ्या सगळ्यांनी करावी असे मी आग्रहाने म्हणेन. कुठला रकाना ओढायचा हे ठरवण्याच्या बैठकीला, तो रकाना रोज भरणाऱ्या माणसाला बोलवा. काउंटरवरच्या ताईंना, गाडीसोबत जाणाऱ्या मुलाला, फोनवर तक्रारी लिहून घेणाऱ्याला. प्रत्येक रकान्याबद्दल त्यांना तीन गोष्टी विचारा. हा भरता कुठून? माहीत नसेल तर काय टाकता? आणि फॉर्म अडला तर काय करता? त्यांचे उत्तर रकान्याच्या शेजारी, रिपोर्टमध्येच, मराठीत लिहून ठेवा. माझ्या त्या रिपोर्टमध्ये 'सेक्टर ०' च्या पुढे 'गावठाण, फॉर्म अडतो म्हणून' एवढे चार शब्द असते, तर कराव्याची आणि सारसोळ्याची गाडी कमी झाली नसती. पुढे त्या फॉर्ममध्ये सेक्टरच्या यादीत 'गावठाण' हा पर्याय वाढवला गेला. त्याला प्रोग्रामरचा अर्धा दिवस लागला. सुचवला होता ताईंनी, आणि त्या म्हणाल्या की आपण हे आधीच्या मॅनेजरांनाही सांगितले होते.